झोपेतला घोट

आपल्या शाळेत सकाळच्या वंदनेनंतर दहा मिनिटे आनापान होते. माजी विद्यार्थ्यांना ते आठवत असेल. सभागृहाच्या गार फरशीवर मांडी घालायची, डोळे मिटायचे आणि नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहत बसायचे. पहिली दोन मिनिटे शांततेत जातात. मग कुणाला खाज सुटते, कुणाला खोकल्याची उबळ येते, आणि बहुतेकांच्या तोंडात लाळ साचून ती गिळावी लागते. बऱ्याच वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाने आनापान संपल्यावर मला व्हरांड्यात गाठले. म्हणाला, "सर, मी श्वास बघत होतो. लाळ गिळली की श्वास थांबतो. दर वेळी थांबतो. मग झोपेत काय होतं? झोपेत आपण गिळतो का? आणि गिळत असलो तर तेव्हा श्वास कोण थांबवतं?"

मी इतिहासाचा शिक्षक. त्या वर्षी वसतिगृहाचा अधीक्षकही होतो, आणि न्याहारीची घंटा व्हायची होती. "अरे, ते आपोआप होतं," असे सांगून मी त्याला पिटाळले. वास्तविक 'आपोआप' हा शब्द मी माझ्या वर्गात कुणाला वापरू देत नाही. राज्ये आपोआप बुडत नाहीत आणि महाडचे चवदार तळे आपोआप खुले झालेले नाही, हे मीच मुलांना सांगत आलो आहे. तरीही एका मुलाने स्वतःच्या शरीराचे अचूक निरीक्षण करून विचारलेल्या प्रश्नाला मी तेच उत्तर दिले. पुढे माझ्या घरी असा प्रसंग आला की, हा प्रश्न मला नीट अभ्यासावा लागला. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा ते थकलेले उत्तर देऊन टाकावे असे ठरवले. विषय वैद्यकाचा आहे, पण मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी समजावलेले आणि पुस्तकांतून पडताळून घेतलेले तेवढेच येथे लिहितो.

आधी जागेपणीचे पाहू. नाकातून येणारी हवा आणि तोंडातून येणारे अन्न घशात एकाच जागी येतात. तेथून पुढे दोन वाटा फुटतात. पुढच्या बाजूला स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनलिका असते, मागच्या बाजूला अन्ननलिका. म्हणजे अन्नाचा प्रत्येक घास श्वासाच्या दारावरून ओलांडून जातो. चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात ही रचना विचित्र असल्याचे नोंदवले आहे. एखाद्या शहाण्या अभियंत्याने मुळापासून आराखडा काढला असता तर त्याने दोन वाटा वेगळ्याच ठेवल्या असत्या. पण शरीर जुन्यावरच नवे बांधत आलेले आहे, आणि जुन्या बांधकामाच्या अडचणी नव्याला सोसाव्या लागतात.

मग घास चुकीच्या वाटेला का जात नाही? आपल्या गळ्याच्या घाटीवर बोट ठेवा, दुसऱ्या हाताची पाठ नाकाखाली धरा आणि आवंढा गिळा. घाटी झटकन वर आणि किंचित पुढे सरकते. त्याच क्षणी हातावरचा उष्ण श्वास थांबतो. मग घाटी खाली येते आणि बहुतेक वेळा उच्छ्वासाची एक लहानशी झुळूक हाताला लागते. या एका क्षणात बरेच काही घडते. मऊ टाळू उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. स्वरयंत्रातील स्वरतंतू एकमेकांना चिकटतात. स्वरयंत्राच्या तोंडाशी असलेले पानासारखे झाकण, ज्याला एपिग्लॉटिस म्हणतात, ते मागे कलते. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली, एरवी आवळलेली स्नायूंची कडी सैल पडते आणि घोट खाली उतरतो. दोन डझनांहून अधिक स्नायू ठरलेल्या क्रमाने काम करतात, आणि त्या सर्वांसाठी श्वास अर्धा ते दीड सेकंद थांबतो.

या श्वासविरामाची वेळही ठरलेली असते. सुदृढ माणसात घोट प्रायः उच्छ्वास चालू असताना घेतला जातो आणि घोटानंतरही उच्छ्वासच येतो. कारण साधे आहे. गिळल्यावर घशाच्या कडेला एखादा थेंब उरला असेल, तर बाहेर येणारी हवा त्याला दारापासून दूर लोटते. घोटानंतर लगेच श्वास आत ओढला, तर तोच थेंब आत खेचला जाईल. जेवताना हसलो किंवा बोललो की हा क्रम बिघडतो आणि ठसका लागतो. मग घरातील मोठी माणसे 'कुणीतरी आठवण काढली' म्हणतात. आठवण काढणाऱ्याचा यात काही दोष नसतो.

हे सर्व नियंत्रण मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात असते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याची आकृती असते. श्वासाची लय निर्माण करणाऱ्या पेशी आणि गिळण्याचा क्रम चालवणाऱ्या पेशी तेथे अगदी शेजारी-शेजारी आहेत. गिळण्याचा हुकूम सुटला की श्वासाच्या केंद्राला 'थांब' असा निरोप जातो आणि श्वासपटल तेवढ्यापुरते स्तब्ध राहते. त्या मुलाच्या प्रश्नातील 'श्वास कोण थांबवतं' याचे उत्तर हे असे आहे. आपली इच्छा घोट सुरू करू शकते, पण एकदा सुरू झालेला घोट मध्येच अडवू शकत नाही. खात्री करायची असेल तर प्रयत्न करून पाहा.

आता रात्रीकडे वळू. जागेपणी आपण तोंडातली लाळ साधारण मिनिटाला एकदा, नकळत गिळतो. जेवणातले घोट धरून दिवसाकाठी त्यांची संख्या सहाशेच्या घरात जाते. झोप लागली की हे प्रमाण एकदम कोसळते. ताशी जेमतेम दोन ते सहा घोट. गाढ झोपेत तर अर्धा-अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ माणूस एकदाही गिळत नाही. माझी समजूत उलट होती. दिवसभर जशी लाळ गिळतो तशी रात्रभरही गिळत असणार, फक्त आपल्याला कळत नाही, असे मला वाटे. खरे असे की, झोपेत लाळेचे झरेच आटतात. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरवणाऱ्या ग्रंथी गाढ झोपेत जवळजवळ थांबतात. गिळायला काही नसते, म्हणून गिळणेही नसते. पहाटे तोंडाला कोरड पडते आणि वास येतो, त्याचे एक कारण हेच.

रात्रीतले जे थोडे घोट असतात, ते कधी येतात हे पाहण्यासारखे आहे. ते बहुधा झोपेच्या सांध्यांवर येतात. आपण कूस बदलतो, गाढ झोपेतून हलक्या झोपेत येतो, क्षणभर जाग येते आणि लगेच मिटते. सकाळी त्यातले काही आठवत नाही. त्या क्षणिक जागेबरोबर मेंदू साचलेली लाळ गिळून घेतो आणि पुन्हा झोपतो. तेव्हाही श्वास थांबतोच, दार मिटतेच. क्रम दिवसाचाच, फक्त त्याला थोडीशी जाग लागते. रात्री दिवे मालवल्यावर मी वसतिगृहातून फेरी मारत असे. चाळीस मुलांच्या खोलीत श्वासांचा एक सलग आवाज असतो. त्यात मधूनच कुणीतरी कुशीवर वळतो, ओठ चाटतो, घोट गिळल्याचा बारीक आवाज येतो आणि पुन्हा श्वास सुरू होतो. कित्येक वर्षे मी तो आवाज ऐकला, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

खोकल्याचेही असेच आहे. 'काही चुकून श्वासनलिकेत गेले तर झोपेतही ठसका लागेलच की,' असे कुणीही म्हणेल. परंतु खोकला ही जागेपणाची राखण आहे. झोपेत स्वरयंत्राला पाण्याचा थेंब लागला तर शरीर आधी श्वास रोखते, गिळण्याचा प्रयत्न करते, झोप चाळवते, आणि थोडी जाग आल्यावरच खोकला येतो. ज्याची जाग दारूने, झोपेच्या गोळीने, तापाच्या ग्लानीने किंवा मेंदूच्या आजाराने मंदावली आहे, त्याला खोकला उशिरा येतो किंवा येतच नाही. निरोगी माणसांतही झोपेत लाळेचा एखादा कण फुप्फुसाकडे जातो. तो इतका थोडा असतो, आणि सुदृढ फुप्फुसाची सफाई इतकी चोख असते, की त्याने काही बिघडत नाही. धोका राखण ढिली झालेल्या माणसाला असतो. माझ्या वडिलांची राखण ढिली झाली होती आणि आम्हांला ते कळले नाही.

बाबा मुंबईच्या गोदीत होते. निवृत्तीनंतर म्हसळा तालुक्यातील आमच्या गावी येऊन राहिले. एका पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, बोलणे जड झाले. रुग्णालयातून घरी आणल्यावर ते पाणी पीत, भात-आमटी खात. आम्हांला हायसे वाटले. पाणी प्यायल्यावर त्यांचा आवाज ओलसर येई, जणू घशात काही घरघरते आहे. आम्ही ते अशक्तपणावर ढकलले. आठवड्याभराने एका रात्री दोनच्या सुमारास ते तोंड उघडे टाकून झोपले होते, ओठ सुकून पांढरे पडले होते. आत्या उशाशी बसली होती. ती म्हणाली, "घसा सुकलाय रे त्याचा. दोन घोट पाणी घाल तोंडात." मी चमच्याने पाणी घातले. दोन नव्हे, सहा-सात चमचे घातले. बाबा खोकले नाहीत, जागे झाले नाहीत. आत्या म्हणाली, "बघ, किती तहान लागली होती." तिसऱ्या दिवशी ताप चढला, श्वास वेगाने चालू लागला आणि क्ष-किरण चित्रात उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला.

तालुक्याच्या ठिकाणी ज्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासले, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "झोपेत काही पाजलंत का?" मी सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर घशाची आकृती काढून दोन वाटा दाखवल्या आणि समजावले. झटक्यानंतर गिळण्याचे स्नायू दुबळे होतात आणि घशाची संवेदना बोथट होते. अशा माणसाच्या श्वासनलिकेत पाणी गेले तरी ठसका लागत नाही. न खोकणे हे तेथे चांगले लक्षण नसते. मी विचारले, "म्हणजे हे माझ्यामुळे झालं?" त्या म्हणाल्या, "ते सांगता येणार नाही. यांची स्वतःची लाळसुद्धा रात्री आत जात असेल. पण यापुढे झोपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका." मग त्यांनी विचारले की दात कोण घासून देते. कुणीच नाही. लाळ स्वतः फारशी घातक नसते, तिच्यासोबत जाणारे तोंडातील जंतू घातक असतात, असे त्यांनी सांगितले. जपानमधील वृद्धाश्रमांत झालेल्या अभ्यासात, नियमित दात आणि तोंड स्वच्छ केल्याने वृद्धांमधील न्यूमोनियाचे प्रमाण घटल्याचे दिसले आहे. इतका स्वस्त उपाय आणि आमच्या घरात तो कुणाला सुचला नव्हता.

बाबा त्या दुखण्यातून उठले. पुढे सव्वा वर्ष ते राहिले. या काळात ते खाटेवर पाठीला आधार देऊन ताठ बसूनच खात. खाल्ल्यावर निदान अर्धा तास त्यांना आडवे होऊ द्यायचे नाही, हे आईने घड्याळ लावून पाळले. पाणी पातळ, ते वेगाने पळते आणि मंदावलेल्या स्नायूंना दार वेळेवर मिटता येत नाही. म्हणून त्यांना दाटसर पेज चालली, पण पाणी चालले नाही. सगळ्याच रुग्णांना हे लागू नाही. कुणाला काय झेपेल, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी ठरवायचे असते. हे काम वाचाउपचार तज्ज्ञ करतात. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे तेच असल्यामुळे या दोन्ही गोष्टी एकाच शास्त्रात येतात. ज्यांच्या घरी अर्धांगवायूचा किंवा कंपवाताचा रुग्ण आहे त्यांनी एवढे अवश्य विचारून घ्यावे. पाणी प्यायल्यावर आवाज ओला येतो का, जेवायला फार वेळ लागतो का, वारंवार ताप येतो का, याकडे लक्ष ठेवावे.

यातली एक गोष्ट आपल्या समाजात मोकळेपणाने बोलायला हवी. मरणासन्न माणसाच्या तोंडात पाणी घालण्याची चाल फार जुनी आहे. १९५६ नंतर आपण गंगाजळ सोडले, तुळशीपत्र सोडले. पण चमचा सोडला नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाभोवती नातेवाईक जमतात आणि प्रत्येक जण येऊन दोन थेंब घालतो, कारण न घातले तर माया नव्हती असे लोक म्हणतील. त्यामागची माया खरी आहे, आणि तिची मला थट्टा करायची नाही. पण गिळू न शकणाऱ्याच्या घशात साचलेले पाणी त्याची तहान भागवत नाही, त्याचा श्वास अडवते. बाबांच्या अखेरच्या रात्री आत्या वाटी-चमचा घेऊन आली. मी तिला मऊ फडक्याचा तुकडा दिला. तो पाण्यात बुडवून, घट्ट पिळून ओठ आणि जिभेचे टोक ओले करायचे, एवढेच. पहिल्यांदा तिला ते अपुरे वाटले. मग रात्रभर तीच ते करीत राहिली, दुसऱ्या कुणाला तिने फडके हातात घेऊ दिले नाही.

झोपेतील श्वासाचा दुसरा बिघाड अधिक सर्वत्र आढळणारा आहे आणि आपण त्याला बिघाडच मानत नाही. तो म्हणजे घोरणे. सर्वच घोरणे आजार नसते. परंतु झोपेत घशाचे स्नायू सैल पडून जीभ आणि मऊ टाळू मागे ढळले की काहींची श्वासाची वाट पूर्ण मिटते. घोरणे एकदम थांबते, दहा-वीस सेकंद किंवा अधिक काळ हवा आत जात नाही, मग धडपडून जाग येते आणि मोठा आवाज होऊन श्वास सुटतो. तेव्हा बऱ्याचदा घोटही घेतला जातो. येथे नेहमीचा क्रम उलटण्याचा संभव असतो, कारण अधीर झालेला श्वास घोटानंतर बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जातो. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया हे कारण सांगितले आणि हा शब्द अनेक मराठी घरांत पहिल्यांदा पोहोचला. मुंबईत हा विषय आधीच अभ्यासला गेला होता. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात दिवसा झोप येण्यासह हा विकार असलेल्यांचे प्रमाण ७.५ टक्के आढळले. म्हणजे या वयाच्या तेरा-चौदा पुरुषांमागे एक. रात्री अंथरुणात आठ तास काढूनही सकाळी डोके जड, गाडी चालवताना डुलकी, रक्तदाब आटोक्यात नाही, आणि घरचे सांगतात की मध्येच श्वास थांबतो. अशी चिन्हे असली तर तपासणी करून घ्यावी. उपचार आहेत. हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवणारे यंत्र आहे, वजन घटवण्याचा लाभ होतो, आणि झोपण्यापूर्वीची दारू सोडणे तर विनाखर्चाचे आहे.

हा विकार मुलांनाही होतो, आणि त्याबाबत माझी एक चूक कबूल करायची आहे. सहावीतला एक मुलगा माझ्या तासाला रोज झोपे. मी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभे केले, पालकांना बोलावून आळशी म्हटले. तो रात्री घोरतो म्हणून मुले त्याला चिडवीत, उशीवर लाळ सांडते म्हणून हसत. हे अधीक्षक म्हणून मला ठाऊक होते. पण दिवसाची झोप आणि रात्रीचे घोरणे यांची सांगड मी घातली नाही. पुढे त्याच्या आईने त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. टॉन्सिल आणि नाकामागील ॲडेनॉइड ग्रंथी इतक्या वाढल्या होत्या की, नाकाने श्वास घेणे त्याला कठीण होते. तोंड उघडे राही, म्हणून लाळ सांडे. शस्त्रक्रियेनंतर तोच मुलगा तासाला प्रश्न विचारू लागला. लहान मुलांत याचे सर्वांत सामान्य कारण हेच असते. दिवसभर तोंड उघडे ठेवणारे, रात्री घोरणारे, वर्गात पेंगणारे किंवा उगाच चिडणारे मूल दिसले, तर शिक्षकांनी आधी हे आठवावे.

कोणत्या कुशीवर झोपावे, असे पालक विचारतात. इतिहासाच्या माणसाला येथे थोडे भटकण्याची मुभा असावी. आपल्या किनाऱ्यावर, राजपुरीच्या खाडीलगत कुडा येथे बौद्ध लेणी आहेत. सहलीला आपण मुलांना नेतो. भिक्खूंच्या खोल्यांतील दगडी ओट्यांवर मुले आडवी पडून पाहतात आणि 'सर, यावर झोप कशी लागत असेल' असे विचारतात. तेथील एका शिलालेखात सोमदेव नावाच्या वैद्याने, आपल्या मुला-मुलींसह, लेणे दान दिल्याची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रायगडच्या किनाऱ्यावरचा एक वैद्य. त्याच्याकडे येणारे रुग्णही रात्री खोकत असतील, त्यांचीही कुणी जागरणे करीत असेल. त्याने त्यांना काय सांगितले ते शिलेवर कोरलेले नाही, आणि नसलेले वाचायचे नाही हा आमच्या विषयाचा पहिला नियम. तीच सावधगिरी अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्याबाबत. तेथील महापरिनिर्वाणाच्या भव्य शिल्पात तथागत उजव्या कुशीवर पहुडलेले आहेत. त्या शयनात वैद्यकीय हेतू होता असे मी म्हणणार नाही. एवढे मात्र खरे, की कुशीवर झोपल्याने जीभ मागे ढळत नाही, तोंडातील लाळ घशाकडे न जाता गालाकडे येते आणि अनेकांचे घोरणे कमी होते. ज्यांना रात्री आंबट पाणी घशाशी येते त्यांना डावी कूस अधिक बरी. झोपेत लाळही नाही आणि घोटही नाहीत, त्यामुळे वर आलेले आम्ल धुऊन खाली नेणारे काही उरत नाही. ते बराच वेळ तेथेच राहते. आपल्या वसतिगृहात पूर्वी मुले साडेनऊला जेवून दहाला झोपत. जेवणाची वेळ साडेसातवर आणली, त्याचे हे एक कारण होते. स्वयंपाकघरातील बायांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण त्यांनाही घरी लवकर जाता येऊ लागले.

तान्ह्या बाळाचे मात्र वेगळे. त्याला कुशीवर नाही, पालथेही नाही, उताणेच झोपवावे. आज्ज्यांना हे पटत नाही, कारण बाळ दूध काढील आणि ते श्वासात जाईल अशी भीती असते. पण उताण्या बाळात श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका खालच्या बाजूला येते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर चढ चढावा लागतो. पालथे घातले की हेच उलटे होते. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण पुढील वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. बाळ रडत असताना किंवा पेंगत असताना नाक दाबून गुटी पाजणे, नाकात तेलाचे थेंब सोडणे, ही कामे आपल्याकडे अजून मायेने चालतात. रडणारे मूल श्वास जोराने आत ओढते, आणि तोंडातले किंवा नाकातले जे असेल ते त्यासोबत जाते. तेल फुप्फुसात गेले तर ते सहजी निघत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला दुसरे काही नको, पाणीसुद्धा नको.

शेवटी फिट येण्याविषयी, कारण दरवर्षी एखादा तरी पालक प्रवेशाच्या वेळी हळू आवाजात विचारतो की, मुलाला फिट येते, वसतिगृहात ठेवाल का. ठेवतो. रात्री फिट आली तर काय करायचे, हे वरच्या वर्गातील मुलांनाही शिकवलेले आहे. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. दातांमध्ये चमचा घालायचा नाही. तोंडात पाणी घालायचे नाही, शुद्धीवर येऊन मूल स्वतः उठून बसेपर्यंत अजिबात नाही. आजूबाजूचे सामान दूर सारायचे, डोक्याखाली घडी केलेली चादर द्यायची, आणि झटके थांबताच कुशीवर वळवायचे, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वासाची वाट मोकळी राहील. एकाने घड्याळाकडे पाहत राहायचे. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा शुद्ध न येता पुन्हा सुरू झाले, तर वाट न पाहता गाडी काढायची आणि अधीक्षकांना उठवायचे. गाडीची किल्ली कार्यालयाच्या दाराआड, डाव्या हाताच्या खिळ्याला असते.